खारबंदिस्तीची खांड आणि नोंदवहीतला ‘कारण’ रकाना: प्रकल्प नोंदी

16 डिसेंबर 2024, मार्गशीर्ष कृष्ण प्रतिपदा

जागा: अलिबाग तालुक्यातला खारेपाट (खाडीकाठचा खारट जमिनीचा पट्टा), धरमतर खाडीच्या एका फाट्यावरची बंदिस्ती, म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध. बांधाच्या आत अंदाजे पन्नास एकर भातजमीन. यंदाच्या पावसाळ्यात पडलेली खांड (बांध फुटून पडलेलं भगदाड) वरच्या अंगाला 18 मीटर रुंद आहे. पाणी आत घुसताना शेताच्या बाजूला मोठा डोह खोदून गेलंय, बांबू टाकून पाहिला तर तळ 3 मीटरवर लागतो.

बांधाची उंची ठरवायची तर आधी भरतीची पातळी हवी. त्यासाठी उघाडीच्या (आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडणाऱ्या, झडपा असलेल्या दाराच्या) दगडी भिंतीला लाकडी पट्टी ठोकून ती खडूने घासून ठेवली. पाणी जिथवर चढतं तिथवरचा खडू धुतला जातो, त्यामुळे रात्रभर कंदील घेऊन उभं राहावं लागत नाही. दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या भरतीत 55 सेंटीमीटरचा फरक निघाला, रात्रीची वर.

हा फरक नेहमीचाच आहे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीचं उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती) मोठं असतं आणि पावसाळ्यात दिवसाचं. बांधाची कामं हिवाळ्यात होतात, मापं घेणारे दिवसा येतात, म्हणजे नेमकी धाकटी भरती मोजली जाते. त्या मापावर बांधलेला बांध मे महिन्यापर्यंत छान उंच दिसतो.

सगळ्या पातळ्या पारदर्शक नळीत पाणी भरून घेतल्या. शून्य धरलाय उघाडीच्या दगडी माथ्याला. मागच्या दुरुस्तीत तो बांधाच्या माथ्यावर धरला होता, आणि बांध स्वतःच दरवर्षी खचतो. त्यामुळे त्या वेळच्या मापांशी आजची मापं जुळवता येत नाहीत.

21 डिसेंबर

जुनी नोंदवही आणि तिच्यात डकवलेली बिलं वाचून काढली. आताच्या आधीच्या तीन खांडींची नोंद आहे. ‘कारण’ या रकान्यात अनुक्रमे असं लिहिलंय: अतिवृष्टी (जुलै 2005), वादळ व उधाण (नोव्हेंबर 2009, फयान), चक्रीवादळ (3 जून 2020, निसर्ग).

तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्हींचा उपयोग शून्य. वादळाची दुरुस्ती करता येत नाही. शिवाय त्याच वादळात शेजारची बंदिस्ती टिकली असेल तर कारण वादळापाशी संपत नाही.

म्हणून रकाना बाजूला ठेवून बिलं आणि मापं पाहिली. तिथे बरंच सापडलं.

2005 च्या खांडीनंतरचं पहिलं बिल मातीचं नाही, उघाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ काढण्याच्या मजुरीचं आहे. म्हणजे उघाडी तुंबलेली होती. आत पावसाचं पाणी कोंडलं आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरल्यावर बांध आतून बाहेर फुटला. ही खांड समुद्राने पाडलेली नव्हतीच. तरी त्यानंतर खर्च झाला तो बांधाची खाडीकडची बाजू दगडाने मढवण्यावर.

2009 च्या बिलात मुरमाचे ट्रक आहेत. मुरूम गाडी जाण्यासाठी माथ्यावर पसरायला चांगला, पण बांधाच्या पोटात घातला तर पाणी झिरपत राहतं. मापांवरून दिसतं की खांड जुन्याच सरळ रेषेत, डोहावरूनच भरली. डोहाच्या तळाशी पातळ चिखल असतो. तो न काढता वर भराव टाकला की भराव वर्षानुवर्षं खाली बसत जातो.

2020 ची खांड 2009 च्या भरावाच्या नेमक्या सांध्यावर पडली. जुना बांध दगडासारखा टणक आणि नवी माती सैल. सांधा पायऱ्या पाडून न जोडता नुसता टेकवला होता, त्या फटीतून पाणी शिरलं. आताची खांड त्याच सांध्यावर, थोडी सरकून.

चारही जागा उघाडीपासून 40 मीटरच्या आत आहेत. हे कुठेही लिहिलेलं नाही, कारण नोंदीत अंतर मोजून घालायची पद्धत नव्हती. ‘खालच्या अंगाला’, ‘पाटलांच्या शेतासमोर’ अशा खुणा आहेत. शेतं विकली गेली की त्या खुणाही गेल्या.

यापुढच्या नोंदीसाठी ‘कारण’ रकाना काढून टाकलाय. त्याजागी: उघाडीपासून अंतर, तिथी आणि वेळ, भरती चढत होती की उतरत होती, आत पाणी किती होतं, उघाडीची झडप कोणत्या स्थितीत होती, पाणी आधी कुठून दिसलं (माथ्यावरून, उतारातून की पायथ्यातून). शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. माथ्यावरून आलं तर उंची कमी, पायथ्यातून आलं तर बीळ किंवा सांधा. दोन्हींचे उपाय वेगळे, खर्चही वेगळा.

4 जानेवारी 2025

मातीची तपासणी. बांधाच्या आतल्या बाजूला चार खड्डे घेतले. वरचा वीतभर थर मुळं आणि कुजलेल्या पेंढ्याचा, तो बांधात घालायचा नाही. खाली निळसर काळी चिकण माती. ओलसर गोळा हातावर वळून काडीच्या जाडीची, म्हणजे 3 मिलिमीटरची वळी न तुटता होते. एका खड्ड्यात 80 सेंटीमीटरवर शिंपल्यांचा आणि बारीक वाळूचा पट्टा लागला. तो खड्डा रद्द.

खाडीच्या बाजूची माती घ्यायची नाही. तिकडे तिवरं आहेत. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि तिवरांच्या लगतच्या 50 मीटर पट्ट्यातही काम करता येत नाही. कायदा नसता तरी घेऊ नये: बांधासमोरची तिवरं लाटेचा जोर मोडतात. या खाडीतून मोठ्या बार्जेस ये-जा करतात, त्यांच्या लाटा थेट बांधावर आपटतात तिथे पायथा पोखरलेला दिसतो, आणि तिवरांचा दाट पट्टा आहे तिथे नाही.

दुसरी एक बाब, जी खारेपाटात अनेक ठिकाणी उशिरा ध्यानात आली: खांड काही वर्षं तशीच राहिली की भरतीच्या पाण्याबरोबर तिवरांची बी आत येते आणि शेतातच कांदळवन उभं राहतं. मग दुरुस्तीचा विषय शेतकी न राहता वनखात्याचा होतो. खांड पडल्यापासूनच्या पहिल्या हिवाळ्यात काम हाती घ्यायचं, ते यासाठी.

12 जानेवारी

आखणी आणि हिशेब. डोहावरून सरळ न जाता शेताच्या बाजूने चंद्रकोरीसारखा वळसा घेणारा बांध धरलाय, लांबी 46 मीटर. काही गुंठे जमीन बाहेर जाते. ज्यांची जाते त्यांच्याशी बोलणी झाली, बदल्यात मातीच्या खड्ड्यातून होणाऱ्या तळ्याचा वापर त्यांच्याकडे.

सरासरी उंची 2.4 मीटर, माथा 1.5 मीटर, खाडीकडचा उतार एकास तीन, शेताकडचा एकास दोन. पायाची रुंदी 13.5 मीटर. छेद 18 चौरस मीटर, गुणिले 46, म्हणजे 828 घनमीटर दाबलेली माती. सुटी माती सव्वापट, 1,035 घनमीटर, सुमारे 366 ब्रास. मागच्या दोन्ही दुरुस्त्यांत दाबलेल्या मापाइतकीच सुटी माती मागवली होती. शेवटी कमी पडली आणि ती कमतरता नेहमीप्रमाणे माथ्यावर आली, कारण माथा सर्वांत शेवटी होतो.

माथ्याची पातळी: उघाडीच्या भिंतीवरची सर्वांत उंच जुनी भरतीची खूण, अधिक 1 मीटर. त्यावर खचण्यासाठी 30 सेंटीमीटर जादा.

मातीचा खड्डा 30 बाय 20 मीटर, दीड मीटर खोल, बांधाच्या पायथ्यापासून 15 मीटर लांब. जुना चर पायथ्यापासून दोन मीटरवर खणलेला आहे. वाहतूक वाचते, पण बांधाचा आतला उतार त्या चरात घसरतो. घसरल्याच्या खुणा आजही दिसतात. तो चर बुजवायचा.

बांधाच्या मध्यरेषेत एक मीटर रुंद, एक मीटर खोल चर खणून त्यात चिकण माती कुटून भरायची. जमिनीत जुनी बिळं आणि कुजकी मुळं असतात, त्यांची वाट इथे तुटते. जुन्या बांधाला जोडताना दोन्ही टोकांना तीन तीन मीटर आतपर्यंत पायऱ्या.

31 जानेवारी, माघ शुक्ल द्वितीया

दोन्ही बाजूंचे बांध आता मधल्या 12 मीटर वाटेपर्यंत आलेत. आज त्या वाटेचा तळ झाकला.

वेळ मुद्दाम उधाणाची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: द्वितीयेला दीड वाजता, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. उधाणात पाणी जसं खूप चढतं तसं खूप उतरतं, तळ उघडा पडतो. भांगात (अष्टमी-नवमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) तो उघडा पडतच नाही. म्हणून तळाचं काम उधाणाच्या ओहोटीत आणि खांड बुजवण्याचं भांगात. दोन्ही एकाच भांगात उरकायचं म्हटलं की तळ झाकायचा राहतो.

आणि तो राहिला की काय होतं हे आजूबाजूच्या गावांत कुणालाही विचारावं. वाट जसजशी अरुंद होते तसा पाण्याचा वेग वाढतो. बाजूंनी माती टाकत जावं तितकं पाणी खालून खोदत जातं आणि शेवटचे चार मीटर कधी मिटतच नाहीत.

12 बाय 8 मीटर जागेत बांबूच्या चटया दुहेरी, त्यावर माती भरलेली गोणपाटाची पोती एक थर, वर दगड. चटयांच्या कडा खुंट्यांनी तळाशी बांधल्या. आतल्या कडेचे दगड जास्त वजनाचे घेतले, भरती आत शिरताना तीच कड उचकटते.

6 फेब्रुवारी, माघ शुक्ल नवमी

खांड बंद.

काल वाट 6 मीटरवर आणून ठेवली होती. नवमीची भरती पावणेसातला, ओहोटी दुपारी पाऊणच्या आसपास. भांगाचा हा दुसरा फायदा, सगळं काम उजेडात होतं. भरती-ओहोटीतला फरक कमी असल्याने पाण्याला ओढही कमी.

सुरूच्या बल्ल्यांच्या दोन रांगा, मध्ये अडीच मीटर अंतर. बल्ली साडेचार मीटरची, निम्मी चिखलात. रांगेत फूटभर अंतराने एक, एकूण 42 लागल्या. रांगा आडव्या बल्ल्यांनी बांधून तारेने एकमेकींना ओढून घेतल्या. न ओढल्यास पोत्यांच्या भाराने बाहेर फाकतात.

पोती 900 लागतील असा हिशेब होता, 1,200 भरून दोन्ही काठांवर निम्मी निम्मी रचली होती. भरताना तीन हिश्श्यांपैकी दोनच हिस्से भरायची, म्हणजे पोतं पसरून बसतं. गच्च भरलेली पोती दगडासारखी राहतात आणि फटी उरतात. खताच्या प्लॅस्टिक गोणी घेतल्या नाहीत: ओल्या झाल्या की एकमेकींवरून सरकतात, उन्हात काही महिन्यांत भुगा होतो. गोणपाट एका पावसाळ्यात कुजतं खरं, पण तोवर मातीचा गाभा बसलेला असतो.

रचना आडवी, पूर्ण 6 मीटरभर एकेक थर वर चढवत. दोन्ही बाजूंनी मिटवत आणलं तर मधल्या फटीत सगळा वेग गोळा होतो. आतली उघाडी पूर्ण उघडी ठेवली होती, त्यामुळे आतलं पाणी तिकडून निघत राहिलं. तीनच्या सुमारास पोती संध्याकाळच्या भरतीच्या अपेक्षित पातळीच्या वर आली, लगेच दोन्ही बाजूंना चिकण माती लोटायला सुरुवात. एक्स्कॅव्हेटर एका काठावर आणि मजूर दुसऱ्या काठावर. पहिली भरती होईपर्यंत माती टाकणं थांबवलं नाही.

13 फेब्रुवारी

पौर्णिमेचं उधाण. रात्रीच्या भरतीला बॅटरी घेऊन आतल्या पायथ्याने फेरी. दोन ठिकाणी पाझर. एकातून नितळ पाणी, दुसऱ्यातून गढूळ.

नितळ पाझर नोंदवून सोडून द्यायचा आणि पुढच्या उधाणाला पुन्हा पाहायचा. गढूळ म्हणजे पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय, त्याला सकाळची वाट पाहायची नाही. नेहमीची चूक अशी की आतल्या बाजूने चिखलाचा गोळा दाबून तोंड बंद करतात. पाणी मग शेजारून दुसरी वाट काढतं आणि बांध आतून भिजत राहतो. आतल्या तोंडावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा ढीग केला: पाणी निघतं, माती अडते. ओहोटीला खाडीच्या बाजूचं बीळ शोधलं. खेकड्याचं होतं, जुन्या बांधातलं, नव्या सांध्यापासून हातभर लांब. ते शेवटपर्यंत खणून थराथराने चिकण माती कुटून भरलं. नुसतं तोंड बुजवलेलं बीळ खेकडा एका रात्रीत उघडतो.

2 मार्च

माती थर 20 सेंटीमीटरचे, प्रत्येक थरावर धुमस (माती ठोकून बसवायचं वजन). एक्स्कॅव्हेटर माथ्यावरून चालवला की माती दाबली गेली असं धरलं जातं, पण त्या मशीनचे पट्टे रुंद असतात ते मशीन चिखलात रुतू नये म्हणूनच. दाब फारसा पडत नाही. खड्ड्यातून आलेली माती दोन-तीन दिवस पसरून ठेवतो, अंगठा दाबला की ठसा उमटावा पण माती चिकटून वर येऊ नये इतकी सुकली की घेतो.

21 मार्च

उघाडी. खरं तर कामाची सुरुवातच इथून व्हायला हवी असं जुन्या खांडींची अंतरं सांगतात.

झडपा लाकडी, वरून बिजागरीवर टांगलेल्या, भरतीने बंद होतात आणि ओहोटीने उघडतात. एका झडपेच्या खालच्या कडेला खाऱ्या पाण्यातल्या किड्याने आरपार पोखरलंय. बिजागऱ्या गंजून फुगल्यात, झडप पूर्ण टेकत नाही. दुसऱ्या झडपेला नायलॉनच्या दोरीचा फास मिळाला, ती वर बांधून ठेवण्यासाठीचा. आत जिताडा आणि कोलंबी यावी म्हणून भरतीला झडप उघडी ठेवणं हा खारेपाटातला जुना व्यवहार आहे आणि तो बंद करा म्हणून बंद होणार नाही. त्यामुळे ठरलं ते असं: मासळीसाठी पाणी घ्यायचं ते फक्त भात कापणीनंतर, भांगातच, आणि तळ्यापर्यंतच्या चरातून. फास काढला नाही, त्याला कुलूप लावलं. किल्ली कुणाकडे, तेही नोंदवहीत.

झडपांना फायबरचे नवे पल्ले, स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या, टेकायच्या कडेला रबरी पट्टी. समोर लोखंडी जाळी न लावता सुट्या बांबूंची, कारण जाळीत अडकलेला कचरा काढणारं कुणी नसलं की जाळीच उघाडी तुंबवते.

दगडी भिंत आणि माती यांच्यामधली फट हा सगळ्यांत कच्चा भाग. गुळगुळीत भिंतीला धरून पाणी सहज सरकतं. दोन्ही बाजूंना भिंतीलगत एक मीटर खणून भिंतीपासून आडवे निघणारे काँक्रीटचे दोन दोन पडदे घातले, प्रत्येकी 60 सेंटीमीटर. भिंतीला चिकणमातीचा राडा फासून मग ओली माती कुटली.

18 एप्रिल

उन्हाने माथ्याला भेगा, काही बोटभर रुंद. चिकण मातीचा हा स्वभावच आहे. भेग वरून दिसते त्यापेक्षा खोल असते, मे अखेरचं उधाण आणि पहिला पाऊस नेमके तिच्यातून शिरतात. पातळ राडा ओतून भेगा भरल्या, वर पेंढ्याचा वीतभर थर. जुन्या बांधावरचं खारं गवत मुळांसकट काढून उतारावर ओळीने लावलं. पहिल्या पावसापर्यंत ते धरणार नाही, पेंढाच ठेवावा लागेल.

27 मे, वैशाख अमावस्या

पाऊस फार लवकर आला. मोसमी पाऊस काल, 26 मेलाच मुंबईत दाखल झाला, तोही अमावस्येच्या उधाणात. खाडीकडच्या उताराचं दगडी अस्तर निम्मंच झालंय. उघड्या भागात पावसाने घळी पाडल्या, एका ठिकाणी तीन मीटर लांबीत उतार हातभर घसरला. तिथे पेंढा वाऱ्याने उडालेला होता. बाकी ठिकाणी पेंढ्यावर काथ्याची दोरी ताणली होती, तिथली माती जागेवर आहे.

दुपारच्या भरतीला झडपा घट्ट बसल्या, आत पावसाचं पाणी चढत गेलं. 2005 सालची हीच स्थिती. ओहोटी लागल्यावर झडपा उघडायला वेळ लागतोय का ते पाहिलं: लागला नाही, तोंडासमोरचा गाळ मार्चमध्येच काढला होता. घसरलेला भाग पोत्यांनी आवळून ठेवलाय. पाऊस उघडल्याशिवाय त्यावर नवी माती टाकायची नाही, ओल्यावर ओली टाकली की दोन्ही जातात.

वेळापत्रकात बदल: यापुढे अस्तराची मुदत 15 मे.

14 जून

जमीन धुण्याचं काम. पावसाचं पाणी शेतात वीतभर कोंडून दोन-तीन दिवस ठेवायचं, मग ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. मीठ खाली आणि बाहेर जातं. नुसतं वाहू दिलं तर पाणी वरच्या वर निघून जातं.

आतल्या पाण्याची क्षारता ईसी (विद्युत वाहकता) मीटरने 6 डेसीसायमन प्रति मीटरवर आलीय. समुद्राचं पाणी 50 च्या आसपास असतं. जमिनीत 3 च्या पुढे भाताच्या उत्पन्नात घट सुरू होते, आणि भात उगवताना क्षार सोसतो पण कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात सोसत नाही. म्हणून राब (भाताची रोपवाटिका) उंचवट्यावरच्या गोड्या जमिनीत, रोपं 25 ते 30 दिवसांची, एका चुडात चार-पाच. वाण पनवेल-3, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं. खोल नांगरट यंदा नाही, खालचं मीठ वर येतं.

खांडीजवळच्या पाच-सहा एकरांत मीटरचा आकडा अजून दुप्पट आहे. तिथे यंदा लावणी नको असं सांगितलंय. काहीजण रहू (मोड आणलेलं भाताचं बियाणं) पेरून बघणार आहेत, त्यांच्या शेतांचे आकडे दर आठवड्याला घेऊ.

26 जुलै, श्रावण शुक्ल द्वितीया

दीड वाजताची भरती, पावसाळ्यातलं दिवसाचं मोठं उधाण. पाणी माथ्याच्या खाली 92 सेंटीमीटरवर थांबलं. बांध फेब्रुवारीपासून 17 सेंटीमीटर खचलाय, जादा ठेवलेल्या 30 पैकी. पाझर एक, नितळ, उघाडीपासून 31 मीटर, तोच जुना. झडपा ठीक. किल्ली नोंदवलेल्या ठिकाणीच.

घुशींची ताजी माती 22 मीटरवर, आतल्या उतारावर. पाणी उतरल्यावर खणून भरायची. अस्तराचे राहिलेले दगड काठावर रचून ठेवलेत, गणपतीनंतर उघडीप मिळाली तर पहिलं ते काम.